वाद्यवृंदाची पुस्तकं निवडताना: आधी प्रश्न, मग पुस्तक

अंकलनी ट्रॉम्बोन, म्हणजे स्लाइड नावाची नळी आतबाहेर सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, मांडीवर आडवा ठेवला, स्टँडवरचा माझा कागद उचलला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाबा, ह्या पहिल्या नोटला माझी स्लाइड आत. ह्या शेवटच्या नोटलापण स्लाइड आत. मग मी सरकू कुठून कुठं?"

एका नाटकाच्या पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग होतं. खलनायक घसरून पडतो तिथे मी ट्रॉम्बोनला खालच्या बी फ्लॅटवरून वरच्या एफपर्यंत एक झोकदार मींड लिहिली होती. घरी कॉम्प्युटरवर ती झकास वाजली होती. माझ्याकडे तेव्हा एकच पुस्तक होतं. त्यात ट्रॉम्बोनचा पल्ला दिला होता, इथून इथपर्यंत, आणि माझे दोन्ही स्वर त्या पल्ल्यात आरामात बसत होते. पण साध्या टेनर ट्रॉम्बोनवर हे दोन्ही स्वर स्लाइड पूर्ण आत असतानाच लागतात, फक्त ओठांचा दाब बदलतो. अंकलनी पेन्सिलीने पहिला स्वर अर्ध्याने वर नेला, बी फ्लॅटचा बी नॅचरल केला आणि वाजवून दाखवलं. बी नॅचरलला स्लाइड पूर्ण बाहेर, एफला पूर्ण आत. हात लांब करून त्यांनी ती एका दमात ओढून घेतली आणि स्टुडिओतले सगळे हसले.

त्या पुस्तकात चूक काहीच नव्हती. मी त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या आवाक्यातला नव्हता, इतकंच. तेव्हापासून वाद्यवृंदावरची पुस्तकं मी कशी निवडतो, ते इथे लिहितो आहे. नाटक, लघुपट, शाळा-कॉलेजचा वाद्यवृंद किंवा घरच्या कॉम्प्युटरवरची सिंफनी, ज्यांना स्वतः काहीतरी लिहायचं आहे त्यांच्यासाठी.

आधी प्रश्न लिहून काढा

दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला बसण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मला नेमकं काय कळत नाहीये? 'ऑर्केस्ट्रेशन शिकायचंय' ही ओळ चालणार नाही. 'आठ व्हायोलिन आणि एक बासरी आहे. बासरी खालच्या सप्तकात गेली की ती ऐकू येत नाही, व्हायोलिननी तेव्हा काय करावं?' ही चालेल.

असे प्रश्न साधारण तीन जातींचे निघतात. एक, हे वाद्य काय करू शकतं आणि काय नाही? याला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात. माझा ट्रॉम्बोनचा घोळ याच जातीचा. दोन, वाद्यं एकत्र आली की काय होतं, कोण कुणाला झाकतं, कोण कुणाला उचलतं? हे खरं ऑर्केस्ट्रेशन. तीन, हे वाद्य आलं कुठून, बनतं कसं, त्याचे भाऊबंद कोण? हे वाद्यशास्त्र, इंग्रजीत ऑर्गनॉलॉजी.

मुखपृष्ठावरच्या नावावरून यातलं काहीच ओळखता येत नाही. सॅम्युएल अॅडलर यांच्या 'द स्टडी ऑफ ऑर्केस्ट्रेशन'चा मोठा पूर्वार्ध चक्क इन्स्ट्रुमेंटेशनचा आहे. उलट रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑर्केस्ट्रेशन'मध्ये वाद्यांची तोंडओळख घाईतच उरकली आहे. त्याला पुढची गोष्ट सांगायची घाई आहे. तेव्हा अनुक्रमणिका उघडा. प्रकरणांना वाद्यांची नावं असतील तर पुस्तक पहिल्या जातीचं. 'सुरावट', 'हार्मनी', 'दुप्पट करणं', 'पार्श्वभूमी' अशी नावं असतील तर दुसऱ्या.

पुस्तकाची तोंडी परीक्षा

दहा मिनिटं पुस्तक हातात असेल, किंवा ऑनलाइन चार-सहा पानं उघडत असतील, तर प्रस्तावना वाचण्यात ती घालवू नका. मी चार ठिकाणं पाहतो.

पहिलं अर्थातच ट्रॉम्बोन. स्लाइडच्या सात पोझिशन असतात आणि प्रत्येक पोझिशनवर स्वरांची एक शिडी मिळते. पुस्तकात हा तक्ता हवा. त्याशेजारी, सलग मींड एकाच पायरीवर पहिल्या ते सातव्या पोझिशनच्या मध्येच, म्हणजे जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांची मिळते, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसता पल्ला देणारं पुस्तक मी मिटतो. एकदा पोळलेला माणूस आहे मी.

दुसरं, क्लॅरिनेट. आपल्याकडे लग्नाच्या बँडमुळे हे वाद्य सगळ्यांच्या कानावर आहे, म्हणून वाटतं की याचं काय ते शिकायचं. पण क्लॅरिनेटचा आवाज सगळीकडे सारखा नाही. अगदी खालचा भाग गडद, भरीव. मधले काही स्वर, लिहिलेल्या जीपासून बी फ्लॅटपर्यंत, फिकट, घशातले. त्याच्या लगेच वरच्या बी नॅचरलला उडी मारली की जवळजवळ सगळी बोटं भोकांवर आणि चाव्यांवर टेकवावी लागतात आणि आवाज एकदम खुलतो. या सांध्याला ब्रेक म्हणतात. सांध्यावरून जलद मागेपुढे जाणारी तान वादकाला छळते. चांगलं पुस्तक हे तीन प्रदेश वेगळे दाखवतं आणि सांध्याबद्दल सावध करतं. सामान्य पुस्तक 'मधुर आणि लवचीक' म्हणून पुढे जातं.

क्लॅरिनेटपाशीच लिहिलेला स्वर आणि वाजणारा स्वर यांतल्या फरकाचा प्रश्न येतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटला पांढरी एक लिहिली की काळी पाच वाजते. पेटीवर पट्टी बदलणाऱ्या माणसाला हे समजायला एक मिनिट लागतं, पण पुस्तकातली उदाहरणं कुठल्या पद्धतीने छापली आहेत ते मात्र पाहावंच लागतं. काही पुस्तकांत सगळं वाजतं तसं छापलेलं असतं, काहींत वादकाला दिसतं तसं. दोन्ही चालतं. कुठली पद्धत आहे हे न सांगणारं पुस्तक चालत नाही.

तिसरं, हार्प. कॉन्सर्ट हार्पला ४७ तारा आणि ७ पेडल असतात. एक पेडल एका नावाच्या सगळ्या तारा एकदम बदलतं आणि प्रत्येकाला तीन खाचा: फ्लॅट, नॅचरल, शार्प. डाव्या पायाकडे डी, सी, बी. उजव्या पायाकडे ई, एफ, जी, ए. म्हणजे हार्पवर भराभर राग बदलणं हे पायांचं काम आहे आणि पाय दोनच. करंगळी वापरत नाहीत, म्हणून एका हाताला एका वेळी चारच स्वर. यातूनच एक गंमत निघते. डी, जी आणि ए हे तीन नॅचरल सोडले तर बाकीचा प्रत्येक स्वर दोन शेजारच्या तारांवर मिळवता येतो. बी शार्प म्हणजेच सी. हार्पची ती झुळझुळ वाहणारी, एकही बेसूर न लागणारी सरकन याच युक्तीवर उभी असते: पेडल अशी लावायची की सातही तारांवर मिळून चारच वेगळे स्वर उरतील. पेडलची आकृती आणि ही युक्ती, दोन्ही ज्यात आहेत ते पुस्तक हार्पवादकाशी बोलून लिहिलेलं आहे असं समजा.

चौथं, हॉर्न. एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा पाच स्वर खाली वाजतो, हे कुणीही सांगेल. पण जुन्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलेखनात, हॉर्न बेस क्लेफमध्ये (खालच्या स्वरांसाठीच्या लेखनात) गेला की तो लिहिल्यापेक्षा चार स्वर वर वाजतो, अशी रीत होती. हे ज्याला ठाऊक नाही तो जुना स्कोअर वाचताना हॉर्नला नेमका एका सप्तकाने बुडवतो. पुस्तकात ही एक ओळ सापडली की लेखकाने खरे स्कोअर चाळले आहेत याची मला खात्री पटते.

ज्यांचं सगळं काम सॅम्पल लायब्ररीवर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या वाद्यांच्या आवाजांवर होतं त्यांना ही परीक्षा फिजूल वाटेल. कीबोर्डवर हार्प काहीही वाजवतो, ट्रॉम्बोन कुठूनही कुठेही सरकतो. खरं आहे. फक्त उद्या बजेट वाढलं आणि खरी माणसं आली, की तोच कागद त्यांच्यासमोर ठेवावा लागतो.

पुस्तकाचं वय

या विषयात जुनं पुस्तक म्हणजे टाकाऊ पुस्तक नाही. मात्र त्याला किती विश्वासाने काय विचारायचं, ते त्याच्या वयावर ठरतं.

फ्रेंच संगीतकार बर्लिओझचा वाद्यवृंदावरचा ग्रंथ १८४० च्या दशकातला. त्यात ऑफिक्लाइड भेटतो, ज्याची जागा पुढे ट्यूबाने घेतली. हॉर्न त्यात मुख्यतः बिनव्हॉल्व्हचा आहे, म्हणून कुठला स्वर मोकळा आणि कुठला वाद्याच्या पसरट तोंडात हात घालून काढायचा यावर पानंच्या पानं. आज लिहिणाऱ्याला ते थेट कामाचं नाही. पण बर्लिओझ वाद्याचा स्वभाव असा सांगतो की माणूस ओळखीचा व्हावा. शेवटी तो स्वप्नातल्या वाद्यवृंदाची यादी करायला बसतो तेव्हा ३० हार्प आणि ३० पियानो मागतो! याच्या दोन प्रती बाजारात दिसतील. एकीत रिचर्ड स्ट्राउसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेली भर आहे, वाग्नरच्या उदाहरणांसह. ती डोव्हर प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्तीत मिळते. दुसरी ह्यू मॅकडोनाल्ड यांचा केंब्रिजने २००२ मध्ये काढलेला अनुवाद, ज्यात बर्लिओझचा मूळ मजकूर आणि त्यावरचं भाष्य आहे. स्वतः लिहायला शिकायचं असेल तर पहिली. बर्लिओझला काय म्हणायचं होतं ते समजून घ्यायचं असेल तर दुसरी.

रिम्स्की-कोर्साकोव्ह १९०८ मध्ये गेला. त्याचं पुस्तक जावई माक्सिमिलियन श्टाइनबर्गने पूर्ण करून १९१३ मध्ये छापलं. हा माणूस मूळचा नौदलातला अधिकारी. पुढे नौदलाच्या बँडांवर देखरेखीची नोकरी लागली आणि त्या निमित्ताने त्याने फुंकून वाजवायची वाद्यं हातात घेऊन अभ्यासली. पुस्तकातली झाडून सगळी उदाहरणं त्याच्या स्वतःच्या रचनांतली आहेत. हा दोष म्हणावा तर मोठा दोष, पण एकाच स्वयंपाक्याच्या घरचे सगळे पदार्थ खाऊन त्याचा हात कळावा तसं होतं. त्याची आवाजाच्या तोलाची गणितं प्रसिद्ध आहेत: जोरात वाजवताना एक ट्रम्पेट बरोबर दोन हॉर्न, एक हॉर्न बरोबर दोन बासऱ्या किंवा दोन क्लॅरिनेट. हळू वाजवताना हा फरक जवळपास मिटतो. सभागृहासाठी लिहिताना मी अजूनही हेच धरून चालतो. स्टुडिओत, जिथे प्रत्येक वादकासमोर मायक्रोफोन असतो, तिथे हे गणित ध्वनिमुद्रकाच्या बोटाखाली एका क्षणात मोडतं. हे रिम्स्कीला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तुम्हाला माहीत हवं.

सेसिल फोर्साइथचं 'ऑर्केस्ट्रेशन' १९१४ चं. तिरकस विनोदी, वाचायला सगळ्यांत मजेचं, रात्री झोपताना वाचावं असं. त्यातला ब्रिटिश जी बेस ट्रॉम्बोन आता वाजत नाही, तेव्हा तांत्रिक तपशील दुसरीकडे ताडून घ्या.

मग येतात अमेरिकन पाठ्यपुस्तकं. केंट केनन १९५२, वॉल्टर पिस्टन १९५५, अॅडलर १९८२. पिस्टन मला लिखाणासाठी आवडतो. एक शब्द जास्त नाही, आणि दुसऱ्यांच्या स्कोअरचं विश्लेषण कसं करावं हे त्याच्याइतकं नेटकं कुणी शिकवलेलं मी पाहिलं नाही. केनन, ज्याच्या पुढच्या आवृत्त्यांत डोनाल्ड ग्रँथम सहलेखक आहेत, कॉलेजच्या वर्गासाठी आखलेला: छोटी प्रकरणं, शेवटी स्वाध्याय. आणि एकच पुस्तक घेणाऱ्याला मी अॅडलर सांगतो. सुंदर गद्य वगैरे नाही, पण वर लिहिलेल्या परीक्षेत तो पास होतो आणि उदाहरणं ऐकायला मिळतात. त्याच्या आवृत्त्या १९८२, १९८९, २००२ आणि २०१६ च्या. जुनी प्रत घेत असाल तर ध्वनिमुद्रणाचं काय ते आधी विचारा. सीडी हरवलेल्या असतात, किंवा ऑनलाइन ऐकायचा कोड आधीच्या मालकाने वापरून टाकलेला असतो. ध्वनिमुद्रणाविना अॅडलर म्हणजे पाककृतीच्या पुस्तकातले रंगीत फोटो.

विचित्र वाद्यांसाठी आल्फ्रेड ब्लॅटर यांचं 'इन्स्ट्रुमेंटेशन अँड ऑर्केस्ट्रेशन' किंवा अँड्र्यू स्टिलर यांचं 'हँडबुक ऑफ इन्स्ट्रुमेंटेशन' चाळा. सॅक्सोफोनच्या घराण्यातला कुठलाही भाऊ, मँडोलिन, अॅकॉर्डियन, जे मोठ्या पुस्तकांत अर्ध्या पानात उरकतात ते इथे सापडतं. तालवाद्यांसाठी मात्र सर्वसाधारण पुस्तकावर विसंबूच नका. सॅम्युएल सॉलोमन यांचं 'हाउ टु राइट फॉर पर्कशन' घ्या. कुठला वादक कुठे उभा राहील, एका हातातली काठी टाकून दुसरी उचलायला किती वेळ लागेल, असे प्रश्न त्यात आहेत, आणि तालवाद्यांचं निम्मं लेखन म्हणजे हेच प्रश्न.

फुकट मिळतं ते आधी संपवा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे बर्लिओझ, रिम्स्की, फोर्साइथ यांची मूळ पुस्तकं मोकळी आहेत. अनुवाद वाचत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, हे लक्षात असू द्या. रिम्स्कीचा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे, जुन्या छापील प्रती इंटरनेट अर्काइव्हवर, आणि स्कोअरसाठी आयएमएसएलपी, जिथे मोकळ्या झालेल्या स्कोअरचा डोंगर आहे.

पण यातलं काहीही नुसतं वाचू नका. माझी रीत सांगतो. रिम्स्कीचं पुस्तक एका खिडकीत, 'शेहेराझाद'चा स्कोअर दुसऱ्या खिडकीत, कानाला हेडफोन. ही रचना १८८८ ची. दुसरा भाग काढा. सुरुवातीच्या व्हायोलिननंतर बॅसून हे फुंकवाद्य एकट्याने मुख्य सुरावट वाजवतं, खाली फक्त चार डबल बेस धरून राहिलेले. मग तीच सुरावट ओबो घेतो आणि खाली हार्प येतो. मग व्हायोलिन. मग लाकडी वाद्यांचा घोळका. सुरावट बदलत नाही. बदलतं ते तिचं वस्त्र. प्रत्येक वळणावर थांबा, पुढचं वाद्य कुठलं असेल याचा स्वतः अंदाज करा आणि मगच पुढे ऐका. माझे अंदाज सुरुवातीला दहातले आठ चुकायचे. कारण मी प्रत्येक वेळी आवाज वाढवत न्यायचो, आणि रिम्स्की आधी रंग बदलतो, आवाज नंतर.

पल्ल्याचे तक्ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत असं काहीतरी ऐकायचं असेल तर राव्हेलचं 'बोलेरो' काढा, १९२८ चं. मध्येच एक जागा येते: हॉर्न सुरावट धरतो आणि वर दोन पिकोलो (छोट्या बासऱ्या) व सेलेस्टा (घंटांसारखा नाद देणारं कीबोर्ड वाद्य) तीच सुरावट वेगवेगळ्या सुरांतून समांतर नेतात. कानाला यातलं एकही वाद्य वेगळं ऐकू येत नाही, चर्चमधला ऑर्गन वाजल्यासारखं वाटतं. राव्हेल वरच्या वाद्यांकडून हॉर्नचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर, वाजवून घेतो आहे. विकत घेण्याआधी पुस्तकाला विचारा: असं काही का घडतं ते तू सांगतोस का? सांगत असेल तर ते दुसऱ्या जातीचं आणि चांगलं.

आपली वाद्यं या पुस्तकांत नाहीत

वरच्या एकाही पुस्तकात सुंदरी (सनईसारखं छोटं वाद्य) नाही, संबळ नाही. आपली बांबूची बासरी, सनई आली तरी 'जगातली इतर वाद्यं' अशा एखाद्या परिच्छेदात. याबद्दल चिडण्यात अर्थ नाही. ती पुस्तकं त्यासाठी लिहिलेली नाहीत. आपल्याला तिसऱ्या जातीच्या पुस्तकांकडे वळावं लागतं.

तिथे गेल्यावर मात्र आपलंच घर भेटतं. जगभर वाद्यांचं जे वर्गीकरण वापरतात ते हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलं. त्याचा पाया होता ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयातल्या माहियोंच्या चार वर्गांचा. आणि माहियोंला ते सुचण्यामागे नाट्यशास्त्रातलं तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातडं मढवलेली), घन (भरीव, आपटून वाजवायची) हे वर्गीकरण होतं. बंगालच्या शौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला पाठवलेली भारतीय वाद्यं त्याच संग्रहालयात आली होती. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने. त्याचा सहावा अध्याय अख्खा वाद्यांचा आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

नेहमीच्या वापरासाठी बी. चैतन्य देव यांची भारतीय वाद्यांवरची इंग्रजी पुस्तकं, लालमणि मिश्र यांचं हिंदी 'भारतीय संगीत वाद्य', आणि मराठीत भास्कर चंदावरकरांचं 'वाद्यवेध' पाहा. मराठी विश्वकोशातल्या वाद्यांवरच्या नोंदी ऑनलाइन फुकट आहेत. चंदावरकर स्वतः सिनेमा-नाटकासाठी लिहिणारे संगीतकार, त्यामुळे वाद्याकडे पाहण्याची त्यांची नजर संग्रहालयाची नाही. मोठा कोश हवा असेल तर ग्रोव्हचा वाद्यकोश: १९८४ मध्ये ३ खंड, २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५. तो घरी घ्यायचा नसतो, ग्रंथालयात जाऊन पाहायचा असतो. पुण्याला असाल तर राजा केळकर संग्रहालयातली वाद्यं जरूर पाहून या. चित्रातल्या वाद्याचं आकारमान डोक्यात कधीच नीट बसत नाही.

तरीही 'सनईला चेलोबरोबर कसं लिहू?' याचं उत्तर यातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात हे प्रश्न रोज सुटत होते आणि ते सोडवणारे बरेच अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहून देणारे, गोव्याचे होते, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले: सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्व्हिस, चिक चॉकलेट. गोन्साल्व्हिसनी तर १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा एक मोठा वाद्यवृंदच उभा केला. पण हे ज्ञान पाठ्यपुस्तकात उतरलं नाही. ते वादकांच्या हातात राहिलं. ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' त्या स्टुडिओंच्या जगाबद्दल आहे, वादकांच्या मुलाखतींवर उभं. त्यात लेखनाचे धडे नाहीत, पण काम कसं चालायचं ते कळतं.

पैसे देताना

जुन्या ग्रंथांची 'रीप्रिंट' म्हणून मिळणारी बरीच पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेली पानं मागणीप्रमाणे छापून बांधलेली असतात. मजकूर वाचता येतो, पण स्वरलिपीच्या पाच रेघांच्या जागी करडा पट्टा दिसतो आणि मूळ पुस्तकातले घडीचे तक्ते अर्धे कापले जातात. रिम्स्कीचे तक्ते असे कापलेली एक प्रत माझ्या कपाटात आहे. कुणाला देताही येत नाही. डोव्हरची साधी छपाई अशा दहा प्रतींपेक्षा बरी. ई-बुक घेणार असाल तर आधी नमुन्याच्या पानावर स्कोअर मोठा करून पाहा. फोनवर तर विसराच.

बांधणीही पाहा. हे पुस्तक पियानोच्या किंवा कीबोर्डच्या स्टँडवर उघडं राहायला हवं. जाडजूड पुठ्ठ्याचा ग्रंथ मध्येच मिटतो आणि दोन्ही हात अडकलेले असतात. मी अॅडलर एका झेरॉक्सवाल्याकडून दोन भागांत स्पायरल करून घेतला. तो म्हणाला, "एवढं महाग पुस्तक, फाडू?" मी म्हटलं, फाडा.

क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने फक्त रिम्स्की आणि आयएमएसएलपी, खर्च शून्य. मग एक मुख्य पाठ्यपुस्तक. अॅडलर, किंवा बजेट कमी असेल तर जुनी केनन. तिसरं पुस्तक तुमच्या हातात नेहमी जे वाद्य असतं त्याचं. गिटार, सॅक्सोफोन आणि ब्रास घेऊन लग्नसमारंभासाठी अरेंजमेंट करणाऱ्याने बर्लिओझ घेण्यात हशील नाही. त्याने डॉन सेबेस्की यांचं 'द कंटेम्पररी अरेंजर' किंवा हेन्री मॅन्सिनी यांचं 'साउंड्स अँड स्कोअर्स' पाहावं. बाकीचं ग्रंथालयात. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली तिथेच होतात. मैफलीच्या आधी स्कोअर वाचून जा आणि शक्य असेल तर बाल्कनीत बसा. कोण कधी गज उचलतो, कोण मधल्या विरामात वाद्यातली थुंकी झटकतो, हे वरून छान दिसतं.

चौथं पुस्तक तुम्हीच लिहायचं. दोनशे पानी वही, प्रत्येक वाद्याला एक पान. माझ्या वहीतलं सनईचं पान असं आहे: "वादक काळी दोनचं वाद्य घेऊन आले. दुसरी पट्टी हवी असेल तर आठवडाभर आधी सांगायचं, दुसरं वाद्य आणतात. सूर धरायला सोबत दुसरी सनई असते, तिचेही पैसे बजेटमध्ये धरायचे. व्हायोलिनशी मिसळत नाही, वर तरंगते. खाली चेलो लांब धरले तर बरं वाटतं. हळू वाजवा म्हणायचं नाही, माइक लांब न्यायचा. जेवणानंतर लगेच टेक घेऊ नये."